पट्टा मिनल भोयरकडे होता

मिनल भोयर नागपूरच्या धंतोलीत पाऊल टाकत नाही. माझ्या गुडघ्यांसाठी मला अधूनमधून तिथल्या डॉक्टरांकडे जावं लागतं. मिनल कळमेश्वरहून बसने माझ्याबरोबर येते, माझी पिशवी धरते, ऑटो ठरवते आणि धंतोलीच्या अलीकडेच, रामदासपेठेत एका चहाच्या टपरीपाशी उतरून जाते. "काकू, तुम्ही या जाऊन. मी इथंच आहो." मी परत येते तेव्हा तिच्या हातातला चहा निवलेला असतो.

"गर्दी होती का?"

"धंतोलीत कधी नसते?"

मग ती जरा थांबून विचारते, "डोक्याचे पेशंट?"

मी औषधांची पिशवी तिच्या हातात देते.

मिनल आता तिशीच्या पुढे आहे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. शेजारी बसून खोक्यांना चिकटपट्ट्या लावणाऱ्या बायकांना हिच्याबद्दल एवढंच माहीत आहे, की ही कमी बोलते आणि जड खोकं एकटीने उचलते. व्यावसायिक बॉक्सिंगमधला, तिच्या वजनगटातला देशाच्या चॅम्पियनचा पट्टा चार वर्षं हिच्याकडे होता, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. ज्यांना माहीत होतं तेही विसरले. मला विसरता येत नाही, कारण त्या चार वर्षांतल्या प्रत्येक मॅचला मी तिच्या कॉर्नरमध्ये बादली आणि टॉवेल घेऊन उभी होते.

मी काही खेळाडू नव्हे. माझे यजमान मनोहरराव रेल्वेत होते आणि तरुणपणी रेल्वेकडून बॉक्सिंग खेळले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कळमेश्वरला आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये दोन पंचिंग बॅगा टांगल्या, दोऱ्या बांधून रिंग केलं आणि येईल त्याला शिकवू लागले. जवळच्या खेड्यातले दादाजी भोयर आपल्या पोरीला घेऊन आले. शाळेत ती पोरांना मारते अशी तक्रार होती. दादाजींनी घातलेली अट मला अजून आठवते. "सर, पोरगी शिकवा. पण बाहेरगावी न्याचं तर बाईमाणूस संगं पाहिजे."

ते बाईमाणूस मी. आधी नुसती संगत म्हणून जायची. मग एकदा मनोहररावांचा हाताखालचा माणूस आला नाही, तेव्हा त्यांनी बादली माझ्या हातात दिली. "शामला, घंटा वाजली का स्टूल ठेव, तोंडावर पाणी मार, आन् घाबरल्यासारखी दिसू नको." तेवढं मला जमलं.

मिनलचा खेळ पाहायला कंटाळवाणा होता. हे मी प्रेमानेच सांगते. ती पुढे धावून जायची नाही. मागे सरायची, बाजूला व्हायची, समोरचीचा हात हवेत फिरला की तिच्या बरगडीत एक द्यायची आणि पुन्हा नाहीशी व्हायची. कोणी आडवं पडायचं नाही. रक्त नाही. लोक शिट्ट्या मारायचे, "नाच, नाच" म्हणायचे. मनोहरराव मात्र दोरीला धरून लहान मुलासारखे हसत असायचे.

पट्टा तिला मिळाला तो गोव्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. तिथली चॅम्पियन दिल्लीची होती, पोस्टरवर तिचा एकटीचाच फोटो होता. तिच्याशी लढणारी मुलगी ऐन वेळेला जखमी झाली म्हणून प्रमोटरने मिनलला बोलावलं. हरायलाच बोलावलं होतं, आणि ते त्याने लपवलंही नाही. हॉलमध्ये लोक जेवत होते, काटेचमचे वाजत होते. शेवटची घंटा झाली तेव्हा ते आवाज थांबले होते. निकाल सांगणाऱ्याने मिनलचा हात वर केला आणि माइकवर म्हणाला, "मृणाल भोईर!"

पुढची चार वर्षं तशीच गेली. रायपूरला मॉलच्या पार्किंगमध्ये, इंदूरला लग्नाच्या हॉलमध्ये, सुरतेला एका नाचगाण्याच्या कार्यक्रमाआधी. मणिपूरची डावखुरी मुलगी आली, हरून गेली. हरियाणाची पोलीस शिपाई दोनदा आली. चेन्नईची एक बाई आली, तिचं लेकरू माझ्याच मांडीवर झोपलं होतं. मिनलने सगळ्यांना हरवलं आणि कोणालाच फार लागू दिलं नाही. नागपूरच्या पेपरात कधी चार ओळी आल्या, कधी त्याही नाही. इंटरनेटवर कोणीतरी देशातल्या सुमार चॅम्पियनांची यादी केली, त्यात हिचं नाव. आमच्या ओट्यावर पोहे खाता खाता तिने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि हसली. मनोहरराव हसले नाहीत.

"ज्या पोरी हिच्याकडून हरल्या," ते म्हणाले, "त्या मागून कोणाकोणाले हरवून आल्या ते पाहा म्हणा. आंधळे साले."

मग पहिल्यांदाच मॅच नागपुरात ठरली. टाळेबंदी उठल्यानंतरची संक्रांत होती. काटोल रोडवरच्या एका लॉनवर, जिथे एरवी लग्नं लागतात, तिथे रिंग उभारलं. समोर होती अकोल्याची रितिका इंगळे, मिनलपेक्षा बरीच लहान, दणकट, हसरी. आदल्या दिवशी दोघींची वजनं झाली, आणि वजनासाठी उपाशी राहण्यातून सुटका झाल्याबरोबर रितिकाने पिशवीतून तिळाचा लाडू काढला, अर्धा मोडून मिनलला दिला. "ताई, उद्या मारून घेजो. आज गोड खाय."

त्या संध्याकाळी पुढच्या रांगेत दादाजी बसले होते. त्यांच्या गावची माणसं होती, आमच्या गल्लीतली होती. चार वर्षांत मिनलला एवढी ओळखीची तोंडं कधी दिसली नव्हती. लोक ओरडत होते, "अवं, मार न! पळते काहून?" तिसऱ्या राउंडनंतर मिनल स्टुलावर बसली आणि मनोहररावांना म्हणाली, "सर, आज मी समोर जातो."

"गरज नाही," ते म्हणाले.

ती गेली. पाचव्या राउंडला रितिकाचा डावा हात तिच्या कानशिलात बसला. मिनलचे गुडघे वाकलेले मी पाहिले. ती पडली नाही, कशीबशी राउंड संपेपर्यंत टिकली. मी तोंडावर पाणी मारलं तेव्हा तिने मला विचारलं, "काकू, आपण कोणत्या गावात आहो?"

"नागपुरात आहो, बाई."

"हो का," ती म्हणाली.

त्यानंतर मिनलने जे मारलं ते मी तिच्या हातून कधीच पाहिलं नव्हतं. रितिका मात्र पडेना. मान मागे जायची, पुन्हा सरळ व्हायची. तिच्या कॉर्नरमधल्या माणसाच्या खांद्यावर टॉवेल होता. हार कबूल म्हणून तो टॉवेल रिंगमध्ये येईल, या आशेने मी त्याच्याकडेच पाहत होते. आला नाही. पंच दोनदा जवळ जाऊन वाकले, रितिकाने मान हलवली, त्यांनी खेळ चालू ठेवला. शेवटची घंटा झाली. लॉनवरचे सगळे लोक उभे होते. रितिका मिनलच्या गळ्यात पडली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मिनल काहीतरी बोलली. मग मिनलचा हात वर झाला, आणि पहिल्यांदा माइकवर तिचं नाव बरोबर घेतलं गेलं.

रितिका कपडे बदलायच्या खोलीत उलटी करून कोसळली. धंतोलीत एका दवाखान्यात त्याच रात्री तिच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. मेंदूवर रक्त साचलं होतं.

आम्ही तिघं सकाळी गेलो. मिनलच्या चेहऱ्यावरची सूज तशीच होती. वॉर्डाबाहेर रितिकाची आई जिजाबाई बाकावर बसल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. मिनलकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "तू येऊ नको वं माय. तिनं डोये उघडले, तं पह्यलं तुयंच तोंड दिसन."

मिनलने ते ऐकलं, आणि तेव्हापासून पाळलं.

रितिका वाचली. आम्हाला ते दुसऱ्यांकडून कळत गेलं. बोलू लागली, चालू लागली, उजवा हात मात्र खांद्याच्या वर जात नाही. मिनलने पट्टा परत पाठवला आणि खेळ सोडला.

पण शेड सुटली नाही. कारखान्यात जाण्याआधी सकाळी ती यायची, झाडायची, शिकायला येणाऱ्या मुलींच्या हाताला पट्ट्या बांधून द्यायची. स्वतः ग्लोव्ह्ज घालायची नाही. एकदा मनोहररावांनी तिला शॅडो करायला सांगितलं. शॅडो म्हणजे समोर कोणी आहे असं समजून एकटीनेच खेळायचं. तिने हात वर घेतले, दोन पावलं टाकली आणि थांबली.

"काय झालं?"

"सर, समोर कोणी आहे असं समजावं नाही लागत," ती म्हणाली. "असतेच."

त्यानंतर मी पाहू लागले. झाडून झालं की ती एक बाटली पाण्याने भरायची आणि रिंगच्या पलीकडच्या कोपऱ्यात ठेवून जायची. दुसऱ्या दिवशी ते पाणी झाडाला घालायची, नवीन भरायची. मी विचारलं नाही. पण मीही त्या कोपऱ्यात जाईनाशी झाले. भर सकाळी, टिनावर ऊन तापलेलं, मुली दोरीवर उड्या मारताहेत, आणि त्या कोपऱ्याशी आल्यावर त्या मुलीही का कोण जाणे वळसा घालून जायच्या. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

मनोहरराव पुढच्या वर्षी गेले. छातीत पाणी झालं होतं, ताप उतरत नव्हता. एका दुपारी माझा हात धरून म्हणाले, "शामला, ते पोरगी उभीच आहे वं अजून. तिले स्टूल दे."

मी म्हटलं, "देते." घरात होतं ते स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं. तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

मागच्या थंडीत पियूष नावाचा एक तरुण नागपूरहून आला. खेळांवर व्हिडिओ करतो. विस्मृतीत गेलेल्या चॅम्पियनांवर त्याला काहीतरी करायचं होतं, आणि बिचाऱ्याने मिनलच्या जुन्या मॅची शोधून शोधून पाहिल्या होत्या. शेडमध्ये खुर्ची टाकून त्याने तिला विचारलं, "तुमच्या कारकिर्दीला न्याय मिळाला नाही असं वाटतं का?"

"कसली कारकीर्द?" मिनल म्हणाली. "हॉलमधल्या मॅची होत्या त्या. जेवणाच्या आधी टाइमपास. तेव्हा कोणी चांगलं खेळणारं नव्हतं. कोणीही जिंकली असती."

"शेवटची लढत? रितिका इंगळेसोबतची?"

"तेही काही नव्हतं. कायचं चॅम्पियनपद आन् कायचं काय."

मला राग आला. मनोहरराव असते तर त्यांनी तिला खुर्चीवरून उठवून दिलं असतं. पण तिच्यासाठी ती एक प्रकारची भरपाई असावी. पट्टाच खोटा होता असं म्हटलं, की त्याच्यासाठी झालेलंही थोडं कमी होतं, असं तिला वाटत असेल. पियूषने ते तसंच इंटरनेटवर टाकलं.

थोड्या दिवसांनी, रविवारच्या सकाळी, आमच्या दारात ऑटो थांबला. आधी जिजाबाई उतरल्या. मग त्यांच्या हाताला धरून एक बाई, केस बारीक कापलेले, कपाळापासून कानामागे गेलेली टाक्यांची रेघ. त्या धंतोलीत तपासायला आल्या होत्या आणि तिथून तशाच कळमेश्वरला आल्या. जिजाबाई दारातच म्हणाल्या, "मी नाही आणली. हेच आयकत नाही. व्हिडो पाह्यला तवापासून जेवत नाही बरोबर."

मिनल शेडमध्ये झाडत होती. तिने वर पाहिलं. ती घाबरली नाही, दचकलीही नाही, आणि तेच मला भयंकर वाटलं. रोज जिला पाहते तिलाच पाहत असल्यासारखी ती पाहत राहिली. मग रितिकाने चप्पल काढताना भिंतीचा आधार घेतला, पाय घासल्याचा आवाज झाला, आणि मिनलच्या हातातला झाडू पडला.

"रितिका?"

"हो. मीच." रितिकाचे शब्द एकेक करून येत होते. "बसू दे."

मी स्टूल दिलं. ती बसली, श्वास घेतला आणि म्हणाली, "झूठ काहून बोलली तू?"

मिनलने झाडू उचलून भिंतीला लावला.

"कोणीबी जिंकली असती, म्हणते. काही नव्हतं, म्हणते." तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. "मंग मी कोणाशी हरली वं? ऐऱ्यागैऱ्या बाईशी? माहा हात गेला, डोक्श्यात अर्धं काही राह्यलं नाही, आन् ते काहीच नव्हतं? अकोल्यात लोक इचारतात मले. मी सांगतो, चॅम्पियन होती ते. चार वर्षं कोणाले हात लावू देला नाही तिनं. आन् तूच म्हणते का नव्हती."

"मले वाटलं…" मिनल म्हणाली.

"मले तिसऱ्या राउंडच्या पुढचं काहीच याद नाही," रितिका म्हणाली. "मॅचच्या व्हिडोत तुही पाठ दिसते निस्ती. सांग मले. तूच होती तिथं. खरं सांग."

मिनल जमिनीवर, तिच्यासमोर मांडी घालून बसली. आणि सांगू लागली. तिसऱ्या राउंडमध्ये लोक कसे ओरडत होते, आपण पुढे जायचं कसं ठरवलं, चौथ्यात रितिकाने खांदा खाली टाकून कसं फसवलं. हाताने दाखवत होती. पाचव्याशी आली तेव्हा तिचा आवाज बदलला.

"तुहा डावा कुठून आला मले दिसलाच नाही. कानात शिट्टी वाजली. पाय माहे नव्हतेच. अजून एक मारला असता न तू, तर पट्टा तुहा होता. मले गाव कोणतं ते समजत नव्हतं. काकूले इचार."

रितिकाने माझ्याकडे पाहिलं. "खरंच," मी म्हटलं. "नागपूर आहे असं मला सांगावं लागलं."

रितिकाच्या तोंडाची एक बाजू हसली.

मग मिनलने सहाव्यापासून पुढचं सांगितलं. ते तिने झाकलं नाही. कुठे मारलं, किती जोराने मारलं, रितिकाचे डोळे कसे दिसत होते, ते आपल्याला दिसत होतं आणि तरी आपण कसे थांबलो नाही. जिजाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर धरला होता.

"आन् घंटा झाल्यावर तू माह्या गळ्यात पडली," मिनल म्हणाली. "कानात म्हणाली, ताई, डोकं दुखून राह्यलं. मी म्हटलं, पाणी पिऊन घे."

बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. एवढी वर्षं ती बाटली कशासाठी भरली जात होती, ते मला तेव्हा कळलं.

जिजाबाई वळल्या आणि ऑटोकडे निघून गेल्या.

"मंग?" रितिकाने विचारलं. "पेली मी पाणी?"

"मले नाही माहीत. मी पट्टा घ्याले वळली."

मी वाट पाहत होते, की आता रितिका रडेल, नाहीतर मिनलला एखादा शब्द बोलेल, बरा किंवा वाईट. ती म्हणाली, "पाचवा राउंड अजून एकडाव सांग."

मिनलने सांगितला. मग तिसऱ्यांदाही सांगितला.

त्यानंतर मिनलनेच पियूषला फोन करून बोलावलं. या वेळी तिने कॅमेऱ्याकडे पाहून प्रत्येकीचं नाव घेतलं. मणिपूरची, हरियाणाची, चेन्नईची, आणि त्या किती चांगल्या होत्या ते सांगितलं. "त्यायले हरवणं सोपं नव्हतं. मी हरवलं. मी चॅम्पियन होती," ती म्हणाली. आणि रितिका इंगळेच्या डाव्या हाताबद्दल बराच वेळ बोलली. तो व्हिडिओ फार कोणी पाहिला नाही.

सुटका झाली असं मी म्हणणार नाही. मिनल अजून ग्लोव्ह्ज घालत नाही. ग्लोव्ह्ज बांधताना यायचा तसा चिकटपट्टी ओढल्याचा आवाज कारखान्यात आला की तिची मान अजून झटक्याने वळते, असं तिथल्या बायका मला सांगतात. मागच्या आठवड्यात ती माझ्याजवळ बसून म्हणाली, "काकू, ते अकोल्यात बोलते, खाते, चिडते. आन् इथं जे उभी राहते ते काहीच बोलत नाही. दोघी वेगळ्या आहेत का वं?"

रविवारी रितिकाचा फोन येतो. तिला मिनलच्या आधीच्या मॅची ऐकायच्या असतात, एकेक करून. सध्या सुरत चाललं आहे. मिनल स्पीकर चालू करून ओट्यावर बसते आणि सांगते, मध्ये विसरली की मला विचारते. जिजाबाई मिनलशी आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत. पण त्यांची भांडी घासायची वेळ नेमकी तीच असते. फोनमध्ये मागे पातेली आपटल्याचा आवाज येत राहतो. मिनल राउंड सांगत पुढे जाते, आणि मध्येच केव्हातरी तो आवाज थांबतो. मिनल त्या वेळी थोडं मोठ्याने बोलते.